पाण्यातला नांगर

कुंडल
१८ नोव्हेंबर २०२४

वीरधवल,

फोन तू उचलत नाहीस. परवा दुसऱ्याच्या नंबरवरून केला, तर "कोण?" म्हणालास आणि माझा आवाज ऐकून ठेवून दिलास. पत्र तसं ठेवून देता येत नाही. ते फाडावं लागतं, आणि फाडायच्या आधी माणूस दोन ओळी वाचतोच. तेवढ्या दोन ओळींत सांगायचं ते सांगतो. तुझी लेक संयोगिता माझ्याकडे आहे. तब्येतीनं चांगली आहे, वेळेवर जेवते आहे.

पुढचं वाचायचं तर वाच.

कोरेगावच्या स्थळाला तिनं नकार दिला, तेव्हा तू मला बजावलं होतंस, "तिला थारा दिलास तर आपलं संपलं." मी थारा दिला. आता संपलं की नाही ते तू ठरव. मला मात्र ह्या वयात नवा दोस्त शोधायचा कंटाळा आहे.

ती पाटणहून आली ती पिकअपच्या टपावर एक लांबलचक फायबरची फळी बांधून. पॅडलबोर्ड म्हणतात त्याला. फळीवर उभं राहायचं आणि लांब वल्ह्यानं पाणी मागं सारायचं. पाटणच्या वर धरणाच्या पाण्याकाठी पर्यटकांचा कॅम्प आहे, तिथं ती हेच शिकवते. तुला वाटतं तसं ती तिथं कुणाची भांडी घासत नाही. लोक तिला मॅडम म्हणतात.

आता कॅम्पच्या मालकानं तिला सांगितलंय, की फळीखाली पंख लावून पाण्याच्या वर उडायचं जे नवीन निघालंय, ते तिला जमलं तर उन्हाळ्यापासून तो सगळा विभाग तिच्या हाती. राहायला खोली, हाताखाली माणसं. पंख परदेशातून येतो आणि त्याची किंमत ऐकून मी चहाचा कप खाली ठेवला. म्हणून ती माझ्याकडे आली.

"चाचा, तुमी करून द्याल?"

"मी नांगर करतो, बाई. लय तर ट्रेलरचा हूक."

"म्हणूनच तुमच्याकडं आले. लोखंड तुमचं ऐकतंय."

बघ, गोड बोलायला कुणाकडून शिकली. तुझ्याकडून तर नाहीच.

मी विचारलं, नाही जमलं तर? ती त्या फळीच्या दोऱ्या सोडायला लागली. मग म्हणाली, "मग अप्पा म्हणतील तसं." एवढं सगळं त्या पंखावर आहे, वीरधवल. तू तिचा बाप आहेस, तुला माहीत असावं म्हणून लिहिलं.

माया वहिनींना सलाम सांग. त्या हे पत्र वाचतील असा माझा अंदाज आहे. तू वाचलं नाहीस तरी.

लियाकत


कुंडल
२२ डिसेंबर २०२४

वीरधवल,

उत्तर आलं नाही. ठीक आहे.

ऊसतोडीचा हंगाम जोरात आहे. दिवसभर ट्रेलर येतात, कुणाचा आस तुटलेला, कुणाची कडी वाकलेली. ते सगळं उरकून दुपारनंतर आम्ही दोघं पंखाला लागतो. सकाळी उठताना आता पलंगाच्या कडेला जरा बसून राहावं लागतं, मग गुडघे माझं ऐकतात. डाव्या डोळ्याला वेल्डिंगचा उजेड सोसत नाही. सांगत बसलो तर पत्र संपायचं नाही. थकलोय गड्या, एवढंच.

तरी काम वाईट नाही. फळीच्या पोटाला बोल्टनं घट्ट बसणारा एक चपटा खांब, मांडीएवढ्या उंचीचा. खांबाच्या खालच्या टोकाला आडवी दांडी. दांडीवर पुढं मोठा पंख, मागं छोटा. सगळं ॲल्युमिनियमचं. इंजिनाच्या बोटीनं दोरीला धरून ओढायचं, वेग आला की पाणी पंखाला वर रेटतं आणि फळी पाणी सोडून वर येते. पाण्यात नुसता खांब राहतो आणि वर माणूस उभा. मोबाईलवर तिनं दाखवलं तेव्हा मला ते खोटंच वाटलं. परत लाव म्हणालो. परत पाहिलं तरी खोटंच वाटलं.

गावाला तर विषयच मिळालाय. येणारा जाणारा विचारतो, "लियाकतभाय, इमान कवा उडणार?" मी सांगतो, "तुमच्या ट्रेलरचं काम झालं की." मग गप्प बसतात.

अख्तरबीला मात्र पोरगी घरात आल्याचं सुख झालंय. आमची सबीना सासरी गेल्यापासून ती माझ्यावरच चिडत होती, आता चिडायला वेळ नाही. संयोगिताला भाकरी करायला शिकवते आहे. तुझ्या लेकीला पंखाची आकृती फरशीवर खडूनं बिनचूक काढता येते, पण भाकरी गोल होत नाही.

पंख दांडीवर बसवताना त्याखाली एक पातळ पाचर घालावी लागते. त्या पाचरीनं पंखाला किंचित कोन मिळतो. ती समजावून सांगायला लागली, हात पुढं करून, तळवा असा, तळवा तसा. मी तिला थांबवलं. म्हटलं, "कोन मला शिकवू नगंस. हयातभर नांगराला कोनच देत आलोय." ती हसली आणि बाजूला झाली.

काल पंखाच्या कडा घासून संपवल्या. अंगठा फिरवला तर नख खरवडलं जाईल अशी कड आलीय. आम्ही शिकलगार, वाडवडलांनी तलवारींना आणि विळ्यांना धार दिली, त्यापेक्षा कमी काय देणार.

नदीचं पाणी अजून चांगलं आहे. घोगावच्या काठाला पुराच्या वेळची इंजिनाची बोट धुळा सांभाळतो. तो ओढायला तयार आहे. पावसाळ्याबाहेर बोट चालू ठेवायला त्याला तेवढंच निमित्त.

तू एकदा येऊन बघावंस असं मला वाटतं. भांडायला आलास तरी चालेल.

लियाकत


कुंडल
९ फेब्रुवारी २०२५

वीरधवल,

परवा तू पलूसच्या दवाखान्यात आलास, तिला गाडीत घातलंस आणि साताऱ्याला घेऊन गेलास. मी पायरीवर उभा होतो. जाताना म्हणालास, "आजवर तुज्या हातात लोखंड देत आलो. पोरगी न्हवती दिली."

तिचं कसं आहे? पोटरीचे टाके दुखत असतील. डॉक्टर म्हणाले होते की शिरेला लागलेलं नाही, महिन्याभरात चालेल. अख्तरबी जेवणाच्या वेळी अजून तिच्यासाठी ताट काढते आणि मग परत ठेवते.

तू दवाखान्यात विचारलंस, "कसं झालं?" मी म्हणालो, तोल गेला तिचा. तसंच झालं. धुळानं वेग वाढवला, फळी वर यायची ती पुढून खाली गेली, ती उडून समोर पडली आणि पंख तिच्या पायावरून गेला. पाणी लाल झालं तेव्हा धुळानं इंजिन बंद केलं आणि मी कपड्यांनिशी उतरलो. पाणी गळ्याशी येईपर्यंत मला थंडी कळली नाही.

ती बोटीत म्हणत होती, "माझंच चुकलं चाचा, मी मागं झुकले न्हाई." तेच पुन्हापुन्हा. मी तिच्या पायाला माझा पटका गुंडाळत होतो.

तिचं मन लागत नसेल तर तिला सांग, चाचानं विचारलंय.

लियाकत


कुंडल
११ मार्च २०२५

वीरधवल,

रोजे चालू आहेत. दुपारी शेडात बसून लिहितो आहे. काल माया वहिनींचा फोन आला. तुला न सांगता केला असणार, आवाज दबका होता. त्यांनी सांगितलं, की कोरेगावची माणसं गुढीपाडव्याला पुन्हा येणार आहेत आणि ह्या वेळी संयोगितानं होकार दिलाय. मी विचारलं, जबरदस्तीनं? त्या म्हणाल्या, "न्हाई भावजी. ती म्हणती, माझ्यात ती ताकदच न्हाई, मला तोल सांभाळता येत न्हाई. आन् हे म्हणत्यात, लियाकतनंच सांगितलंय, तोल गेला म्हणून. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर इस्वास ठेवला नसता."

वीरधवल, तिचा तोल गेला नव्हता.

अपघाताच्या दुसऱ्या दिवशी मी पंख धुवून शेडाच्या जमिनीवर उभा करून ठेवला होता. अख्तरबी चहा घेऊन आली. दारातच थांबली आणि म्हणाली, "आवं, ह्यो तर नांगर हाय."

मी पाहिलं. खरोखर नांगर होता तो. पंखाचं नाक खाली, मातीत घुसायच्या तयारीत.

नांगराचं टोक खाली गेलं पाहिजे, नाहीतर तो जमिनीवरून नुसता सरकत जातो. आयुष्यभर मी तेच केलं. पाचर मागच्या कडेखाली घालायची, टोक खाली दाबायचं, खोल लागू द्यायचं. पंखाला बरोबर उलटं हवं होतं. पाचर पुढच्या कडेखाली, नाक वर. पोरगी हात पुढं करून तेच सांगत होती आणि मी तिला गप्प बसवलं. माझा हात आपोआप तिकडं गेला जिकडं तो रोज जातो. धुळानं जितका वेग दिला तितकं त्या पंखानं फळीला खाली ओढलं. कुणीही उभं असतं तरी तेच झालं असतं. ती तर दुसरं कुणी टिकलं असतं त्यापेक्षा जास्त वेळ टिकली.

आणि पाय कापला तो कडेमुळं. त्या पंखाला धारेची गरजच नव्हती. गोलसर गुळगुळीत कड पुरली असती. पण शिकलगाराच्या हाताला बोथट कड सोडवत नाही. ती धार मी हौसेनं दिली, आणि तुला पत्रात कौतुकानं लिहिली सुद्धा.

मागचं पत्र लिहिताना हे सगळं मला माहीत होतं. तरी तोल गेला असंच लिहिलं. का, ते विचारशील. माझा नांगर कधी चुकीचा लागला असं ह्या पंचक्रोशीत अजून कुणी म्हटलेलं नाही. शेड जुनी झाली, डोळे गेले, गुडघे गेले, तेवढं एक राहिलं होतं. ते जपलं. त्याची किंमत तुझी पोरगी भरते आहे हे वहिनींनी सांगेपर्यंत माझ्या ध्यानात आलं नाही, असं म्हणणार होतो. पण रोजा आहे. ध्यानात आलं होतं.

चार दिवसांपूर्वी मी पाचर उलटी केली, कडा घासून बोथट केल्या आणि पंख घेऊन कॅनॉलवर गेलो. वाहत्या पाण्यात उतरून दोन्ही हातांनी धरला. आधी जुन्या कोनात धरला, तर खालून कुणी ओढतंय असं वाटलं. मग नव्या कोनात धरला. वीरधवल, तो माझ्या हातातून वर आला. मला दाबून धरावा लागला. उपाशी पोटी, भर उन्हात, पाण्यात उभा राहून मी एकटाच हसत होतो, आणि लगेच मला रडू आलं, कारण हे तिनं पाहायला हवं होतं.

पंख एसटीच्या पार्सलनं साताऱ्याला पाठवतो आहे. फेकायचा तर फेक. पण आधी कडेवरून बोट फिरव, आणि हे पत्र तिला वाचायला दे. तू वाचून दाखवू नकोस, तुला राग येईल आणि मधलं गाळशील. तिच्याच हातात दे.

माझ्यावर जेवढा राग काढायचा तेवढा काढ. तो माझ्या हिश्शाचा आहे. तिला त्याच्यात बांधू नकोस. चूक माझ्या हाताची आहे, तिच्या पायाची नाही.

लियाकत


कुंडल
३ एप्रिल २०२५

वीरधवल,

तुझा निरोप वहिनींकडून मिळाला. कोरेगावला नकार कळवलास, तिला पंख दिलास, आणि ती पाटणला परत जाणार आहे. अल्लाची मेहेरबानी आणि तुझीही.

अटही कळली. तिनं माझ्या शेडात पाऊल टाकायचं नाही आणि मी तिच्या समोर यायचं नाही. फोन नाही, भेट नाही. तिच्याकडून शब्द घेतलास आणि तिनं रडत का होईना दिला, असं वहिनी म्हणाल्या.

मंजूर आहे. मी तुझ्या जागी असतो तर ह्याहून कडक अट घातली असती.

अख्तरबीनं ईदचा शिरखुर्मा तिच्यासाठी बाजूला काढून ठेवला होता. तो आज मीच खाल्ला.

लियाकत


कुंडल
२१ एप्रिल २०२५

वीरधवल,

धुळा शुक्रवारी शेडावर आला होता. तुला इथं सगळे सुभेदारच म्हणतात. तो म्हणाला, "रईवारी सुभेदार पोरीला घिऊन येणार हायती घोगावला. पाटणला जायाच्या आदी हितंच एकदा बगायचं म्हणत्यात, मी बोट वडणार हाय. पर चाचा, तुमी येऊ नका म्हणालेत."

मी म्हटलं, न्हाई येत.

आणि आलो नाही. घोगावच्या काठावर तू होतास, वहिनी होत्या, अर्धं गाव होतं. त्यात मी नव्हतो. मी सकाळी स्कूटर काढली, पुलावरून फिरून पलीकडं गेलो आणि कुणाच्या तरी उसातून वाट काढत नदीला उतरलो. तू घातलेली अट मोडलेली नाही. मधे आख्खी नदी होती.

ऊन फार होतं. पाणी उतरलंय, पण मधला पट्टा खोल आहे, धुळाला माहीत आहे तो. माझे डोळे आता असे की तुझा पांढरा सदरा आणि वहिनींची हिरवी साडी तेवढी ओळखू आली. संयोगिता फळीवर बसलेली दिसली. लंगडत नव्हती ना? एवढ्या लांबून मला समजलं नाही.

पहिल्यांदा ती पडली. फळी डुगडुगली आणि ती बाजूला पाण्यात गेली. मग डोकं वर आलं, हात वर आला, आणि धुळा वळून परत आला. दुसऱ्यांदाही पडली. तिसऱ्या वेळी तू काठावरून काहीतरी खुणा करायला लागलास, बहुतेक पुरे म्हणत होतास. तिनं ऐकलं नाही. ते तिनं तुझ्याकडूनच घेतलंय.

बोटीनं वेग घेतला. फळी आधी पाणी उडवत आली, मग पाणी उडायचं थांबलं. मला वाटलं बोट थांबली. पण इंजिनाचा आवाज चालू होता. फळी पाण्याच्या वर होती. खाली नुसता खांब, पाण्यात बारीक रेघ ओढत, आणि वर तुझी पोरगी उभी, गुडघ्यात वाकलेली, अजिबात न हलता.

धुळानं वळण घेतलं ते माझ्या काठाच्या बाजूनं. ती जवळून गेली, इतक्या जवळून की पोटरीवरचा व्रण मला दिसला. मी उसात मागं सरकलो. पाचटानं हात कापले, पण तिनं मला पाहिलं नाही. म्हणजे पाहिलं नसावं. ती समोर बघत होती, आणि त्या वेळी समोरच बघायचं असतं.

मग ती तुझ्याकडं वळली. तू कपड्यांनिशी पाण्यात शिरलास. कमरेपर्यंत. दोन्ही हात वर केलेस आणि मान मागं टाकून काहीतरी ओरडलास, एकदा नाही, पुन्हापुन्हा. इंजिनाच्या आवाजात आणि एवढ्या रुंद पाण्यापलीकडून मला एक शब्द ऐकू आला नाही. इकडं उसात मीही ओरडलो. ते तुम्हाला ऐकू गेलं नसणार, बरंच झालं.

मग घरी आलो आणि अख्तरबीला सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "सुभेदार काय म्हणाले?" मला सांगता आलं नाही.

काय ओरडलास, तेवढं एका ओळीत कळव. पोस्टकार्डावर चालेल. नाव घातलं नाहीस तरी अक्षर मी ओळखतो.

लियाकत